सातव्या रेषेवरचे तीन तास

५ जानेवारी

प्रिय मामा,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडायचा कंटाळा येतो, म्हणून हे पत्र. सोबत माझा पेपर आहे. छापून आला एकदाचा! पहिल्या पानावर माझं नाव आहे आणि त्याखाली आमच्या संचालकांचं. हो, तेच. तुमच्या बोटीवर सर्वेक्षण प्रमुख होते ते.

डोंगर तुझ्या ओळखीचा आहे. समुद्राच्या तळावरचा तो विझलेला ज्वालामुखी, ज्याच्यावरून तू अठ्ठावीस वर्षांपूर्वी केबलच्या टोकाला चुंबकमापक बांधून, एकामागून एक सरळ रेषांत, बोटीमागे ओढत नेलास. तुम्ही लोक त्याला 'मासा' म्हणायचात. मी तेव्हा पाच वर्षांची होते, आणि कित्येक दिवस मला वाटायचं की मामा खरोखरच एक मासा फिरायला नेतो.

त्या आकड्यांचं पुढे काय करतात, असं तू नेहमी विचारायचास. ऐक. लाव्हा थंड होतो तेव्हा पृथ्वीचं चुंबक जिकडे रोखलेलं असेल ती दिशा खडकात कायमची बसते. डोंगराचा आकार आपल्याला खोलीच्या मोजणीवरून माहीत असतो. वरचं चुंबकीय क्षेत्र तुझ्या माशाने मोजलेलं. या दोन्हींवरून उलट गणित करत डोंगराचं चुंबकन काढायचं, म्हणजे खडकातलं चुंबक किती आणि कोणत्या दिशेचं. मग तुझे आकडे आणि माझ्या गणिताने येणारे आकडे किती जुळतात ते पाहायचं. जुळणी दोनच्या वर गेली तर गणितावर विश्वास ठेवतात. माझी तीन पूर्णांक दोन आली! पृथ्वीचं चुंबक उलटं होतं त्या काळातला डोंगर निघाला, अख्खाच्या अख्खा.

आईने शेजारपाजारी पेपर दाखवून झालाय. त्यांना काय कळलं देव जाणे. तू वाच आणि सांग.

तुझी भिंगरी


१४ जानेवारी

चि. भिंगरी,

आशीर्वाद या खेपेला राखून ठेवतो.

पेपर वाचला. गणित माझ्या डोक्यावरून गेलं. पण पान अकराच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत जे छापलंय ते मला चांगलं कळतं. 'सातव्या रेषेचा उत्तरार्ध आणि आठवी रेषा उपकरणचालकाच्या चुकीमुळे अविश्वसनीय असल्याने वगळली आहे.' त्या बोटीवर उपकरणचालक एकच होता. तो मी. तुझ्या आईचा सख्खा भाऊ.

कसली चूक? तू होतीस तिथे? सकाळी सातपासून मी त्या मशीनसमोर बसलो होतो. बोट अशी हलत होती की पेन्सिल कागदावर टेकवायला दुसऱ्या हाताने मनगट धरावं लागत होतं. त्याच संध्याकाळी, काम आटोपल्यावर, सामान आवरताना केबल गुंडाळायच्या विंचवर काम करणाऱ्या आमच्या पैलवानाचा उजवा हात मनगटापासून गेला. आणि तू पंख्याखाली बसून एका ओळीत आमचा दिवस केराच्या टोपलीत टाकलास!

बावीस वर्षं मी समुद्रात मासा ओढला. एकाही कप्तानाने, एकाही साहेबाने माझ्या आकड्यांवर बोट ठेवलं नाही. तो मान घरच्या पोरीने मिळवला. अभिनंदन.

मामा


२२ जानेवारी

मामा,

तुला लागलं याचं मला वाईट वाटतं. पण तू जे लिहिलंस तेही मुकाट्याने गिळणार नाही.

मी तुला टोपलीत टाकलेलं नाही, आकडे टाकलेत. सगळ्या रेषा घेऊन गणित केलं तेव्हा जुळणी एक पूर्णांक तीन आली, म्हणजे कचरा. ती दीड रेषा काढली आणि आकडा तीनच्या वर गेला. कोणता आकडा कुठे मोजला याच्या संस्थेकडच्या तक्त्याप्रमाणे बोट तेव्हा डोंगराच्या पश्चिमेच्या उताराबाहेर होती. तिथे क्षेत्र जवळजवळ सपाट हवं. तुझे आकडे मात्र तिथे घसरतात, मग उसळतात, परत घसरतात, जणू खाली दुसराच डोंगर आहे. तिथे दुसरा डोंगर नाही. मग चूक कोणाची, माझी?

शब्द संचालकांनी सुचवला. मी 'उपकरणातील बिघाड' असं लिहिलं होतं. ते म्हणाले, 'उपकरण उत्तम होतं, चालक थकला होता, मी स्वतः तिथे होतो.' मी खोडायला हवं होतं का? ते तिथे होते, मी नव्हते, हे तूच आता मला सुनावलंयस.

माझी पाच वर्षं या कामात गेली आहेत. तू 'वाचलं, बरं झालं' एवढंसुद्धा लिहिलं नाहीस.

भिंगरी


२ फेब्रुवारी

संशोधकबाईंना,

'चालक थकला होता' असं ते म्हणाले? त्यांनी म्हणावं!

कुरियरने माझं रजिस्टर पाठवतोय. छापील तक्ता नव्हे, माझ्या हातचं, ट्रंकेत कपड्यांखाली जपून ठेवलेलं. मशीनवर दर मिनिटाला आकडा यायचा, तो मी दर मिनिटाला लिहिला आहे. चार वाजून पन्नास मिनिटांपर्यंत. एक जरी आकडा खोटा निघाला तर मला मामा म्हणू नकोस.

पेपरबद्दल 'बरं झालं' असं लिहीन. आधी ती ओळ काढ.


१९ मार्च

मामा,

दीड महिना पत्र नाही म्हणून तुझा समज झाला असेल की मी गप्प बसले. मी रजिस्टर आणि तक्ता शेजारी ठेवून एकेक आकडा ताडून पाहिला. आकडे तेच आहेत. तरी डोंगराशी जुळत नाहीत. मग मी रजा काढली, बंदराच्या कचेरीत गेले, आणि तीन दिवस धूळ खाऊन तुमच्या बोटीची कप्तानाची नोंदवही शोधून काढली.

त्या तारखेची नोंद जशीच्या तशी लिहिते. 'दुपारी १-३२. विंचवर खलाशी जखमी, उजवा हात. १-४०. सर्वेक्षण थांबवले. बोट वळवून बंदराकडे.'

एक बत्तीस, मामा. दुपारी. काम आटोपल्यावर नाही, सामान आवरताना नाही. संध्याकाळी तर नाहीच. एक चाळीसला सर्वेक्षण थांबलं, आणि तुझ्या रजिस्टरात सातवी रेषा पुढे चालू आहे, आठवी पूर्ण आहे, चार पन्नासपर्यंत एकशे नव्वद आकडे आहेत. नसलेल्या रेषांवर तू काय मोजत होतास?

मी स्पष्ट विचारते. हे आकडे तू मनाने लिहिलेस का? बोट परत फिरल्यावर, रेषा पूर्ण दिसाव्यात म्हणून? लिहिले असशील तर 'चालकाची चूक' हा शब्द मी फार मऊ वापरला. आणि वर तू मला आईच्या नात्याची आठवण करून देतोस!

लहानपणी मी सगळ्यांना सांगायचे, माझा मामा समुद्राचं वजन करतो. शिकले ते त्याच हौसेपायी. उत्तर दे. फोन करू नकोस, लिहून दे.


३० मार्च

भिंगरी,

तुझं पत्र वाचून हात उचलावासा वाटला. कोणावर, ते ठरेना.

आकडे खरे आहेत. जागा खोट्या आहेत. आता सगळं ऐक, कारण मी हे तुझ्या मामीलाही कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी सकाळपासून समुद्र चढला होता. कप्तानाने दोनदा निरोप दिला, मासा आत घ्या. तुझे संचालक म्हणाले, 'दोनच रेषा उरल्यात, उरकूनच जाऊ.' दीडच्या सुमारास केबल विंचच्या रिळावरून घसरायला लागली. ते पैलवानाला म्हणाले, 'हाताने सरळ कर.'

'विंच थांबवा मग,' पैलवान म्हणाला.

'एवढ्याशासाठी कशाला थांबवायची?'

त्याने हात घातला. बोट कलली. पुढचं लिहीत नाही.

त्याला सोडवून माझ्या खोलीशेजारच्या केबिनमध्ये निजवलं. कप्तानाने कोणाला न विचारता बोट वळवली. विंच अडकून बसली होती, त्यामुळे मासा आत घेता येईना. तो तसाच मागून येत राहिला, आणि बंदराचा सरळ रस्ता नेमका डोंगराच्या माथ्यावरून जात होता. मशीन चालू होतं. मी आकडे लिहीत राहिलो. दर दहा मिनिटांनी उठून पैलवानाकडे जात होतो, पाणी पाजत होतो, धीर देत होतो. तीन तास.

चौथ्या दिवशी साहेबांनी, म्हणजे तुझ्या संचालकांनी, कचेरीत बोलावलं. टेबलावर तक्ता तयार. माझे आकडे, आणि त्यांच्यासमोर सातव्या-आठव्या रेषेच्या जागा, जशा आधी ठरल्या होत्या तशा. मी म्हटलं, 'साहेब, इथे आपण नव्हतोच.'

ते म्हणाले, 'अहवालात दोन गोष्टी लिहिता येतात. पैलवानाने हुकूम नसताना विंचला हात लावला. मग तो उद्या घरी. किंवा, काम संपल्यावर आवराआवरीत अपघात झाला. मग किनाऱ्यावरच्या भांडारात त्याला बसून करायची नोकरी. कोणतं लिहू?'

त्याच्या घरी तेव्हा दोन वर्षांची मुलगी होती. मी सही केली.

आता तू म्हणशील, मग जानेवारीत माझ्यावर कशाला भडकलास? भडकलो, कारण त्या माणसाने माझी सही घेतली ती घेतलीच, वर अठ्ठावीस वर्षांनी माझ्याच भाचीच्या हातून मला चुकार ठरवलं!

पैलवानाला यातलं काही माहीत नाही. पुढल्या वर्षी तो निवृत्त होईल. तोवर हे तुझ्यामाझ्यात राहू दे. तुझ्याकडे हे मागणं आहे.

मामा


८ एप्रिल

मामा,

तुझ्यामाझ्यात राहणार नाही.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी मी नोंदवहीतल्या तासातासाच्या जागा घेतल्या, बोटीचा खरा मार्ग काढला आणि तुझे एकशे नव्वद आकडे त्याच्यावर ठेवले. बाकीच्या सगळ्या रेषा डोंगराच्या उतारांवरून गेल्या आहेत, हे तुला माहीत होतं का? माथ्यावरून बोट फक्त त्या तीन तासांत गेली. माथ्याबद्दल जगात जी काही माहिती आहे ती तेवढीच, आणि ती मी वगळली होती.

ते आकडे धरले तर अख्खा डोंगर एका दिशेचा ठरत नाही. जुळणी एक पूर्णांक सहावर येते. पाया आणि माथा वेगळे धरून गणित केलं तर चार पूर्णांक एक! पाया उलट्या दिशेचा, माथा आजच्या दिशेचा. डोंगर अर्धा तयार झाला असताना पृथ्वीचं चुंबक पालटलं आणि त्यानंतरही तो उसळत राहिला. म्हणजे मी जे छापलं, ज्याच्यावर माझं नाव आहे, ते चूक आहे. संचालकांच्या तक्त्यामुळे आणि तुझ्या सहीमुळे चूक आहे.

संचालकांकडे गेले. त्यांनी शांतपणे कपाटातून मूळ तक्ता काढला आणि तळाशी बोट ठेवलं. 'ही सही कोणाची, ओळखता ना?' मी रजिस्टर दाखवलं. ते हसले. 'मामांनी भाचीसाठी एक वही लिहून काढली. कौतुक आहे.' माझा चहाचा कप त्यांच्या टेबलावर तसाच ठेवून मी बाहेर पडले आणि चौकशीचा अर्ज दिला. तीन जणांची समिती बसली आहे.

तू पैलवानासाठी सही केलीस, हे मी समजू शकते. पण पेपर मी पाच वर्षं लिहीत होते. तुला माहीत होतं कोणता डोंगर, कोणता सर्वे. दर सुट्टीत तू विचारायचास, 'कुठवर आलं?' आणि मी सांगायचे. एकदाही तुझ्या तोंडातून अवाक्षर निघालं नाही. ते कोणासाठी?

१२ मेला समितीसमोर ये आणि सांग. नाही आलास तर मी नोंदवही घेऊन एकटी उभी राहीन, आणि आईला सांगेन की तू का आला नाहीस.


२६ एप्रिल

भिंगरी,

धमकीची गरज नव्हती. पण पैलवानाला न विचारता मी बोलणार नव्हतो, म्हणून आधी त्याच्याकडे गेलो.

भांडारात बसतो तो. दोरखंडांची वेटोळी, रंगाचे डबे, समोर जाड वही. डाव्या हाताने लिहायला शिकलाय, अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे. मला पाहून उठला, खुर्ची पुढे केली. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. सही, अहवाल, नोकरी. तो ऐकत होता आणि वहीची कड नखाने खरवडत होता.

मग म्हणाला, 'म्हणजे ही नोकरी तुझ्या सहीवर मिळाली?'

मी म्हटलं, 'तुझ्यासाठीच...'

'मला विचारलंस? मी इस्पितळात होतो, मेलो नव्हतो. हात गेला होता माझा, जीभ नव्हती झडली! मी सांगितलं असतं की त्यानेच हात घालायला लावला. तू माझ्या वतीने गप्प बसलास. कोणी सांगितलं होतं?'

'तुला घरी बसवलं असतं, पैलवाना.'

'बसलो असतो! अठ्ठावीस वर्षं मी इथे आलेल्या नव्या पोरांना सांगतो, आवरताना बेसावध राहू नका, माझ्यासारखे हात घालवाल. अहवालात तसं लिहिलंय, मला सगळे तेच सांगत होते. तापात होतो, म्हटलं आपल्यालाच नीट आठवत नसेल. मी माझ्या तोंडाने स्वतःला बावळट म्हणत आलोय, आणि तू दर वर्षी येऊन इथे चहा पितोस!'

त्याने खुर्ची मागे ओढून घेतली. मी निघालो. दारापर्यंत आलो तेव्हा मागून ओरडला, 'आता तरी खरं बोल जा! माझ्या नावाने लपू नकोस.'

१२ तारखेला येतोय. तुझ्याकडे उतरणार नाही, परस्पर परत जाईन. तुझ्या आईला मी स्वतः सांगितलंय. ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाही.

मामा


२९ मे

मामा,

१२ तारखेला तू खोलीतून बाहेर आलास आणि माझ्याकडे न बघता जिना उतरलास. त्यानंतर काय झालं ते तुला कोणी कळवलं नसेल, म्हणून लिहिते.

तू सही कबूल केलीस त्याचा संचालकांनी फायदा उठवला, हे मला समितीतल्या एकाने नंतर सांगितलं. समितीला म्हणाले, 'जो माणूस खोट्या तक्त्यावर सही करतो, तो खोटं रजिस्टरही लिहील. बोट माथ्यावरून गेली असेल, पण हे आकडे तिथे मोजले याला पुरावा काय?' समितीने माना डोलावल्या. मला वाटलं, संपलं.

१९ तारखेला पैलवान आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट, उजवी बाही दुमडून पिनने लावलेली. शिपायाने अडवलं तर म्हणाला, 'आत ज्या हाताची चर्चा चाललीय तो माझा आहे.' या वेळी मलाही आत बसू दिलं होतं.

आधी त्याने विंचचं सांगितलं, कोणी काय म्हटलं ते शब्दाला शब्द. तुझ्या पत्राशी तंतोतंत जुळलं. मग रजिस्टरचा विषय निघाला. तो म्हणाला, 'मी शेजारच्या केबिनमध्ये होतो. मध्ये एक पत्र्याचं दार. हा गडी आकडा आधी मोठ्याने म्हणतो आणि मग लिहितो, सवय आहे त्याची. बोट वळल्यापासून बंदर येईपर्यंत म्हणत होता. मी हाका मारत होतो. पलीकडून आकडे येत होते.'

अध्यक्षांनी विचारलं, 'एखादा आकडा आठवतो?'

'एकच. एकदा तो चुकला. आठशे चार म्हणाला, मग म्हणाला, नाही नाही, नऊशे चार. मला वाटलं आता थांबला, आता उठेल. पण त्याने पुढचा आकडा म्हटला.'

त्या माणसाने तुझं रजिस्टर कधी पाहिलेलं नाही. अध्यक्षांनी पानं उलटली. तीन वाजून सोळा मिनिटं. शेवटचे तीन अंक आठशे चार, आठावर काट, वर बारीक नऊ. संचालक पाण्याचा ग्लास उचलून परत खाली ठेवत राहिले.

त्यांना पदावरून दूर केलं आहे. अपघाताचा अहवाल नव्याने लिहिला जाईल, एक बत्तीस ही वेळ आणि हुकूम कोणाचा होता हे धरून. माझा पेपर मी मागे घेतला. नवा लिहिते आहे, त्यात तुझे सगळे आकडे आहेत. माझी नेमणूक ऑगस्टमध्ये संपते, ती वाढवणार नाहीत. कारण कोणी सांगत नाही आणि मीही विचारणार नाही.

दर दहा मिनिटांनी तू पाणी पाजत होतास म्हणालास. एकशे नव्वद मिनिटं आणि एकशे नव्वद नोंदी, मामा. एकही मिनिट सुटलेलं नाही. माझं काम आकडे वाचायचं आहे आणि हे मला वाचता आलं नाही.

पैलवान बाहेरच्या बाकावर बसला होता. मी त्याला नवा नकाशा दाखवला. तो म्हणाला, 'माझा हात कुठे गेला ते दाखव.' मी पेन्सिलने एक ठिपका दिला. त्याने ठिपक्यापासून बंदरापर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाला, 'एवढ्या लांब? मला वाटत होतं बंदर अगदी जवळ आलं होतं.'

मग उठला. निघताना म्हणाला, 'मामाला लिहिशील तेव्हा एवढं लिही. आकडे खरे होते म्हणून खरे आहेत असं सांगितलं, त्याच्यासाठी नाही. त्या तीन तासांत त्याने एकदा दार उघडायला हवं होतं.'

लिहिलं.

तुझी भाची